टिटवी क्रमांक पाच

नत्थुजींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नत्थुजी म्हणजे आमच्या अमरावतीच्या उद्योजक मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक. पूर्वी त्यांचा छापखाना होता. तो बंद पडल्यापासून दुसऱ्यांचं छापून आणायची त्यांना भारी हौस. म्हणाले, बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालंय, लोकांना आता विमानात रस आहे, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या विमान कारखान्याचा इतिहास स्मरणिकेत पाहिजेच. पंधराशे शब्द, शुक्रवारपर्यंत, आणि प्रेरणादायी.

मी म्हटलं, कारखाना अपघातानं बंद पडला, त्यात माणूस गेला, प्रेरणा कुठून आणू? ते म्हणाले, अपघाताला एक ओळ द्या. 'वेल्डिंगमधल्या दोषामुळे' एवढं लिहा, सगळ्यांना माहीतच आहे. मुखपृष्ठावर त्याच्या आईचा, इंदूबाईंचा फोटो टाकू, त्या नट आवळताहेत तो. प्रकाशनही त्यांच्याच हस्ते.

बरं म्हणालो आणि उरलेली दाढी केली. कुठे कापलं नाही. अपघातानंतरच्या सात वर्षांत माझा हात थरथरला नाही, झोप उडाली नाही, वजन उलट दीड किलोनं वाढलं. लोक म्हणतात, वायुसेनेची शिस्त. शिस्त कसली? मला काही वाटत नाही, एवढंच. दात काढताना सुई देतात तसं.

पण ती एक ओळ खोटी आहे. वेल्डिंगमध्ये दोष नव्हता. विमान माझ्यामुळे पडलं. ते लिहायचं की पुन्हा गिळायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि शुक्रवार चार दिवसांवर होता.

आधी इतिहास लिहायला बसलो, कारण तो सोपा होता.

वायुसेनेत वीस वर्षं विमानांची देखभाल करून मी २००८ला अमरावतीला घरी आलो. पुढच्याच वर्षी राजापेठेतल्या एका चहाच्या टपरीवर कुलदीप भेटला. मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्याची नोकरी सोडून आलेला, खिशात दोन माणसांच्या छोट्या विमानाचा कागदावर काढलेला नकाशा. मी तो नकाशा पाहिला आणि त्याला सहा चुका दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सहाही दुरुस्त करून पठ्ठ्या पुन्हा हजर. इथंच मी फसलो.

अकोल्यात, अकोट रोडवर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची एक शेड मिळाली. सांगाडा कोण जोडणार? तर गुलाम नबी. नबीभाई शाळेच्या रिक्षांचे सांगाडे बनवायचे, आणि अकोल्यात त्यांच्या वेल्डिंगच्या जोडाला तोड नव्हती. कुलदीपनं त्यांना परदेशातून मागवलेली पोलादी नळी दाखवली. त्यांनी ती कानाशी धरून नखानं वाजवली आणि म्हणाले, हिला हळू तापवावं लागेल, ही नाजूक बाई आहे. पंखांवर चढवायचं कापड शिवलं त्यांच्या बायकोनं, कुलसुमबीनं. ते कापड पंखावर ताणून वरून गरम इस्त्री फिरवली की आक्रसून घट्ट बसतं. कुलसुमबी ईदचे कपडे करावेत तशी मन लावून इस्त्री करायच्या, आणि त्यांच्यामागे मी चुण्या शोधत फिरायचो. कधी सापडली नाही.

विमानाचं नाव कुलदीपनं 'टिटवी' ठेवलं. लोक म्हणाले, अरे टिटवी ओरडली तर माणसं दारं लावून घेतात. तो म्हणाला, टिटवी मोकळ्या रानातून उडते, तिला विमानतळ लागत नाही. पहिली टिटवी रंगवली तेव्हा छतात अडकलेला जुना कापूस ओल्या रंगावर पडला. त्याचे तंतू पंखात कायमचे राहिले. विमानाचं वजन करायला आम्ही कापसाच्या गाठी मोजायचे तीन काटे आणले, तीन चाकांखाली एकेक. दिल्लीहून आलेल्या तपासनीस साहेबानं चष्मा काढून पुसला, पण आकडे बरोबर निघाले.

दहा वर्षांत पाच टिटव्या झाल्या. एक जालन्याच्या बियाणेवाल्यानं घेतली, एक मध्य प्रदेशातल्या फ्लाइंग क्लबनं, दोन समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला गेल्या. दहा वर्षांत पाच म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण त्या चार अजून उडताहेत. याचा मला अभिमान वाटायला हवा.

आता नटाबद्दल लिहायला हवं, कारण नत्थुजींना त्याचाच फोटो पाहिजे.

जालन्याचा बियाणेवाला विमान न्यायला आला तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. म्हातारा विमानाभोवती फिरला, हात लावला, आणि कुलदीपला म्हणाला, माझ्यासाठी काही काम ठेवलं का नाही? कुलदीपनं त्याच्या हातात पाना दिला आणि शेपटीकडचा एक नट आवळायला लावला. म्हातारा इतका खूश झाला की पुढे तो आमचा रिवाजच झाला. विमान घेणाऱ्याच्या घरातल्या सगळ्यात थोर माणसानं शेवटचा नट आवळायचा, टाळ्या वाजायच्या, मग जेवण.

माझा विरोध होता. विमान म्हणजे काय लग्नातला आहेर आहे? फारच हौस असेल तर बसायच्या जागेजवळ एखादा बिनकामाचा नट ठेवू, असं मी सुचवलं. कुलदीप ऐकेना. म्हणाला, खोटं काम दिलेलं म्हाताऱ्यांना लगेच कळतं. म्हणून नट खराच ठेवला, आणि तोही शेपटीची पाती हलवणाऱ्या दांड्याचा. कारण तो उभ्यानं हाताशी येतो, म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागत नाही. ती पाती हलते म्हणून विमानाचं तोंड वर-खाली होतं. दांडा सुटला तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही.

त्या नटाला वरून खाचा असतात. नट आवळला की खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून एक पिन आरपार घालायची आणि तिची टोकं वाकवायची. मग इंजिन कितीही थरथरलं तरी नट फिरत नाही. पाहुण्यांनी नट आवळायचा, ते जेवायला गेले की मी माझ्या पान्यानं तपासायचं, पिन घालायची, आणि मग तपासणीच्या वहीत सही करायची. चार वेळा असंच झालं.

पाचवी टिटवी आमची स्वतःची होती, दाखवायला ठेवायची. २०१९चा फेब्रुवारी. पातूर रोडला शेतात आखलेली आमची कच्ची धावपट्टी, मंडप, शंभरेक माणसं, रोडगे आणि वांग्याची भाजी. घरातलं थोर माणूस म्हणजे या वेळी कुलदीपची आई, इंदूबाई. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. पोराला एकटीनं वाढवलेलं.

मी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता. पाहुण्यांत तेलकट हातांनी वही धरून बसायला नको, म्हणून सकाळीच सगळ्या रकान्यांवर सह्या करून टाकल्या. शेवटच्या नटाच्या रकान्यावरही. चार वेळा झालं होतं, पाचव्यांदा होणारच होतं.

इंदूबाईंनी नट आवळला. नीट आवळला, नर्सचा हात. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पण त्या जागच्या हलेनात. शेपटीवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मी पाना घेऊन पुढे झालो तर कुलदीप माझ्या कानाशी आला. म्हणाला, "दादा, मायच्या देखत पाना नको लावू. तिले वाटन, तिचं काम कच्चं झालं."

मी पाना खाली ठेवला. पिन शर्टाच्या खिशात टाकली. मग कोणीतरी मला पंगतीत बसवलं. दुसरा रोडगा फोडत होतो तेव्हा इंजिनाचा आवाज आला. विमान कुलदीपच उडवायचा; वाटलं, जमिनीवर इंजिन तापवतोय. बाहेर येऊन पाहिलं तर टिटवी वर गेलेली होती.

कुलदीपची चूक नव्हती. मीच त्याला दहा वर्षं शिकवलं होतं की वहीत सही नसेल तर विमानाला हात लावायचा नाही, आणि सही असेल तर शंका घ्यायची नाही. त्यानं वही पाहिली. सही होती.

इथपर्यंत विसरणं होतं. आता पुढचं. मंडपातल्या टेबलावर विमानाशी बोलायचा रेडिओ होता. पिन खिशात आहे हे मला त्याच क्षणी आठवलं. मी रेडिओपाशी गेलोही. एवढंच बोलायचं होतं, कुलदीप, खाली ये. भोवती शंभर माणसं होती. का उतरवलं म्हणून विचारतील, वही उघडतील, वीस वर्षं वायुसेनेत काढलेल्या माणसानं खोटी सही केली हे दिसेल. मी हिशेब केला की नट असा पटकन निघत नाही. दोन चकरा मारून उतरेल, मग गुपचूप पिन घालू. रेडिओ उचलला नाही.

त्यानं दोन नाही, सात चकरा मारल्या. आई खालून हात हलवत होती, त्याला उतरवेना. पंचवीस मिनिटांनी टिटवीनं नाक खाली घातलं ते वर केलंच नाही. ती हरभऱ्याच्या शेतात पडली आणि जळाली.

चौकशीची माणसं आली. शेपटीजवळ एक नळी जोडातून तुटलेली सापडली. ती पडण्याआधी तुटली की पडून तुटली हे सांगता येत नाही, जोड सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं अहवालात आलं. 'शक्यता' हा शब्द अकोल्यापासून अमरावतीपर्यंत येईस्तो वाटेतच गळाला. नबीभाईंच्या जोडानं कुलदीप मेला, असं ठरलं. नबीभाई भेटायला राजापेठेत त्यांच्या घरी आले तेव्हा इंदूबाईंनी त्यांना दारातच म्हटलं, तुमच्याच हातानं झालं ना? ते पाणीही न घेता परत गेले, आणि पुन्हा अमरावतीला आले नाहीत. रिक्षांचे सांगाडे बनवायला त्यांच्याकडे कोणी येईना.

मी इंदूबाईंच्या शेजारीच बसलो होतो त्या वेळी. मी चहा पीत होतो.

मंगळवारी एसटीनं अकोल्याला गेलो. आधी नबीभाईंना सांगायचं असं ठरवलं. का, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं. बहुतेक त्यांनी 'नको लिहू' म्हणावं, अशी इच्छा असावी.

नबीभाई कूलरचे स्टँड जोडत बसले होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. कूलरच्या स्टँडचा जोडही विमानासारखाच, एकसारखा, बारीक. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. कुलसुमबी चहा ठेवून आत गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. मी स्मरणिकेचं सांगितलं, मग पिनबद्दल सांगितलं. रेडिओचं नाही सांगितलं. तेवढं त्यांनाही कशाला, असा विचार केला.

त्यांना नवल वाटलं नाही. हातातला चष्मा पुसत म्हणाले, मला माहीत होतं. जळालेली शेपटी त्यांनी चौकशीच्या आधीच पाहिली होती. दांड्यातलं बोल्टचं भोक गोल होतं. बोल्ट तुटून ओढला गेला असता तर भोक फाटलं असतं, लांबुळकं झालं असतं. गोल भोक म्हणजे बोल्ट आपसूक निसटला. आणि पिन असती तर निसटला नसता.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही? तुमचा धंदा गेला, नाव गेलं.

"बोललो असतो तं लोकाईनं काय इचारलं असतं?" नबीभाई म्हणाले. "नट कोनं आवळला? मायनं. फोटो हाय. मायच्या हातानं पोरगं गेलं म्हनले असते. मंग मी चूप बसलो. मले तं चार जोड अजून लावता येतात. तिले दुसरं काय होतं?"

मी म्हटलं, नबीभाई, मीही म्हणूनच गप्प राहिलो. इंदूबाईंसाठी. सात वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, आणि ते बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"नाही, श्रावण," ते म्हणाले. "तिचा नट बराबर होता. पिन कोनाची होती?"

मी चहाचा कप उचलला. काय लिहायचं ते लिही, मी तुला अडवत नाही आणि सांगतही नाही, एवढं म्हणून त्यांनी पुढचा स्टँड ओढला. मी चहा संपवला. चहा चांगला होता. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून विजेचे खांब मोजत आलो, मग आकडा विसरलो.

बुधवारी सकाळी अकराला इंदूबाईंकडे गेलो. खाली ट्यूशन क्लास, वर त्यांच्या दोन खोल्या. त्या तूर निवडत होत्या. मला पाहून खूश झाल्या. या सात वर्षांत दर महिन्याला मी त्यांच्याकडे जातो, औषधं आणून देतो, विजेचं बिल भरतो. बाजूच्या बायका त्यांना म्हणतात, पोरगा गेला पण पोरासारखा माणूस मिळाला. हे ऐकूनही मला काही वाटत नाही, पण मी जायचं थांबवत नाही.

मी समोर बसलो आणि सांगितलं. खाचा, पिन, टोकं वाकवायची, खिसा, वही. त्यांना एकेक गोष्ट समजेल अशी सांगितली, वर्गात शिकवल्यासारखी. त्यांच्या हातातलं ताट हळूहळू तिरपं झालं, पण तूर सांडली नाही.

त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्या हातानं नट लागला नव्हता काय?"

मी म्हटलं, "लागला होता, मावशी. पक्का लागला होता. पिन माझ्याकडे राहिली."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग जे झालं त्याची माझी तयारी नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाल्या, दवाखान्यात चौतीस वर्षं काढली मी. एकदा माझ्याही हातून सलाइन बदलायची राहिली होती. माणूस विसरते, श्रावण.

तिथं थांबता आलं असतं. मला माफी मिळत होती, आणि माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं की ती चुकीच्या माणसाला मिळते आहे. उठून नमस्कार करायचा, औषधांची यादी घ्यायची आणि जिना उतरायचा. त्यांचा हात गरम होता. सात वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं, पोटाच्या वर, बोथट, आणि मला भीती वाटली.

"विसरलो नव्हतो, मावशी," मी म्हणालो.

मग रेडिओचं सांगितलं. पंचवीस मिनिटं सांगितली. तुम्ही हात हलवत होता तेव्हा मी टेबलापाशी उभा होतो, माझ्यापासून रेडिओ हातभर लांब होता, मला सगळं आठवत होतं आणि मला माझ्या सहीची लाज वाटत होती, हे सांगितलं.

त्यांनी हात काढून घेतला. झटक्यानं नाही, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. खालून क्लासमधली पोरं एकसुरात काहीतरी म्हणत होती. इंदूबाई भिंतीकडे पाहत होत्या. तिथं काही नव्हतं, नुसता चुना.

"गुलाम नबीले मालूम होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पिनचं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्यावर येऊ नये म्हणून बोलले नाहीत.

त्या उठल्या. आत जाऊन लुगडं बदलून आल्या. ताटातली तूर डब्यात ओतली, झाकण लावलं, गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं. मग पिशवी घेतली आणि मला बाहेर व्हायला सांगून दाराला कुलूप घातलं. जिना उतरताना एकदा कठडा धरून थांबल्या. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. रस्त्यावर येऊन ऑटो थांबवला आणि बस स्टँड म्हणाल्या.

मी म्हटलं, अकोल्याला जाताय तर मी सोडतो, नबीभाईंचं घर तुम्हाला सापडणार नाही. मी तुमच्यासोबत येतो.

त्या ऑटोत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"तू नको येऊ," त्या म्हणाल्या. "त्या मानसाले म्या दारातून हाकललं, त्याचं मी पाहीन. तुहं तू पाह्य."

ऑटो वळला आणि दुचाक्यांच्या गर्दीत शिरला. क्लास सुटला होता, पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सायकली काढत होती, काका बाजूला व्हा म्हणत होती. मला बाजूला होता येईना. मी भर रस्त्यात मोठ्यानं रडत होतो.